सरकारने पद बंद केलं, तरी या फौजी माणसाने दख्खनचे पक्षी मोजणं सोडलं नाही

डिसेंबर-जानेवारीत थंडीची लाट आली की महाबळेश्वरची एक बातमी हमखास येते. वेण्णा तलाव आणि लिंगमळ्याच्या परिसरात दवबिंदू गोठले. मग गाड्यांच्या टपावर आणि गवतावर साचलेल्या पांढऱ्या हिमकणांचे फोटो मोबाईलवर फिरू लागतात.

अशा पहाटे कानटोपी घालून जंगलाच्या वाटेला लागणारी मंडळीही असतात. गळ्यात दुर्बीण, हातात वही. जांभूळ, हिरडा, अंजनीच्या ठेंगण्या झाडांतून धुकं उतरत असतं. ऊन पडायच्या आधीच काळ्या बुलबुलांचा थवा गोंगाट करत जातो. खाली झुडपात वाकड्या पिवळ्या चोचीचा, पांढऱ्या भुवईचा एक पक्षी जोडीदाराशी सवाल-जवाब करत असतो. फुलांवर लाल गळ्याचा शिंजीर म्हणजे सूर्यपक्षी येऊन जातो. दरीच्या कड्यावर काळपट पाकोळ्या गिरक्या घेत असतात.

आता हे चारही पक्षी फिल्ड गाईडमध्ये शोधले, तर त्यांच्या शास्त्रीय नावापुढे एकच आडनाव आणि एकच वर्ष दिसतं.

सायक्स, १८३२.

हा सायक्स कोण? पक्षीतज्ज्ञ म्हणून तो हिंदुस्थानात आलाच नव्हता. तो आला होता लढायला.

तेराव्या वर्षी फौजेत

विल्यम हेन्री सायक्सचा जन्म २५ जानेवारी १७९० चा, इंग्लंडमधल्या यॉर्कशायर परगण्यातला. १८०३ साली तो ईस्ट इंडिया कंपनीच्या लष्करात कॅडेट म्हणून दाखल झाला. म्हणजे वय अवघं तेरा. पुढच्याच वर्षी त्याला अधिकारपद मिळालं आणि त्याची नेमणूक झाली मुंबईच्या फौजेत.

१८०५ मध्ये लॉर्ड लेकने भरतपूरच्या किल्ल्याला वेढा घातला, तेव्हा हा पंधरा वर्षांचा पोरगा तिथे होता.

त्या काळात कंपनीच्या अधिकाऱ्याला वर चढायचं असेल तर शिपायांची भाषा यावी लागे. सायक्सने वयाच्या विशीपर्यंत हिंदुस्थानी आणि मराठी, दोन्ही भाषा शिकून घेतल्या. त्याचा सगळ्यात मोठा उपयोग पुढे लढाईत झाला नाही. तो झाला पक्ष्यांच्या आणि माशांच्या नावांमध्ये. पण ते पुढे.

५ नोव्हेंबर १८१७. पुण्याजवळ खडकीला दुसऱ्या बाजीरावाची फौज आणि कंपनीची फौज समोरासमोर आली. सायक्स कंपनीच्या बाजूने लढत होता. त्यानंतरच्या पुण्याच्या लढाईतही तो होता. पेशवाई संपली आणि दख्खनचा मोठा मुलूख कंपनीच्या हातात गेला. १८१९ मध्ये सायक्स कॅप्टन झाला.

लढणाऱ्या या माणसाला बघायचा आणि लिहून ठेवायचा नाद मात्र आधीपासूनच होता. वेरूळच्या लेण्यांचं वर्णन त्याने लिहिलं आणि ते मुंबईच्या लिटररी सोसायटीने छापलं. १८२० नंतर चार वर्षं तो युरोपात फिरला. १८२४ मध्ये लग्न केलं आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये हिंदुस्थानात परत आला.

परत आल्यावर त्याच्या हातात एक वेगळंच काम पडलं.

मुलूख जिंकला, पण त्यात आहे काय?

तेव्हा मुंबईचा गव्हर्नर होता माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. पेशव्यांच्या दरबारात आधी तोच कंपनीचा रेसिडेंट होता. नव्याने हातात आलेल्या या मुलुखात किती माणसं राहतात, जमीन कोणाच्या नावावर आहे, पिकतं काय, पाऊस किती पडतो, याची नीट माहिती कंपनीकडे नव्हती. सारा बसवायचा तर ती हवीच होती.

म्हणून एल्फिन्स्टनने सायक्सला स्टॅटिस्टिकल रिपोर्टर नेमलं. सोप्या भाषेत सांगायचं तर हिशेबनीस. पण एका दुकानाचा नाही, अख्ख्या दख्खनचा.

हे काम कचेरीत बसून होणारं नव्हतं. गावोगाव फिरायचं, माणसं मोजायची, जमिनीचे हक्क समजून घ्यायचे, पिकं लिहायची. सायक्सने दख्खनच्या लोकसंख्येची मोजणी केली आणि जमिनीच्या वहिवाटीवर लिहिलं.

हवामानाचंही तेच. हवेचा दाब दिवसात दोनदा ठरावीक वेळी चढतो आणि दोनदा उतरतो. दख्खनमध्ये हा चढउतार किती नियमित आहे हे त्याने नोंदी करून दाखवलं. १८३५ मध्ये त्यावरचा त्याचा लेख लंडनच्या रॉयल सोसायटीने छापला.

डोंगराची उंची मोजायची त्याची रीत तर घरी चहा करणाऱ्यालाही कळेल अशी आहे. जितकं उंच जावं तितकी हवा विरळ होते आणि पाणी कमी तापमानाला उकळतं. साधारण तीनशे मीटर चढलं की एक अंश सेल्सिअसचा फरक पडतो. म्हणजे जवळपास १,३७० मीटर उंचीच्या महाबळेश्वरात पाणी शंभरऐवजी ९५ अंशांच्या आसपासच उकळायला लागतं. चांगला थर्मामीटर आणि उकळतं पाणी असलं की उंचीचा अंदाज येतो. साध्या थर्मामीटरने उंची मोजण्याच्या याच पद्धतीवर सायक्सने १८३८ मध्ये लेख लिहिला.

माणसं झाली, पिकं झाली, पाऊस झाला. त्यासोबत त्याने आणखी एक रकाना उघडला. इथे राहणारे पशू, पक्षी आणि मासे.

बंदूक, कातडी आणि वही

आज पक्षी बघणं म्हणजे दुर्बीण आणि कॅमेरा. दोनशे वर्षांपूर्वी ते म्हणजे बंदूक. पक्षी मारायचा, मोजायचा, त्याची कातडी सोलून पेंढा भरून ठेवायची आणि वहीत रंग, लांबी, पोटात काय सापडलं ते लिहायचं. नमुना हातात असल्याशिवाय नवीन जातीचं वर्णन कोणी मान्य करत नसे.

आज हे वाचताना नकोसं वाटतं, पण त्या काळचं पक्षीशास्त्र असंच चालायचं. नुसती कातडी गोळा करून सायक्स थांबला नाही, ही त्याची जमेची बाजू. पक्षी कुठल्या झाडीत राहतो, काय खातो, थव्याने फिरतो की एकटा, इथले लोक त्याला काय म्हणतात, हे तो लिहीत गेला.

याच वर्षांत, सातारच्या राज्यात, महाबळेश्वरचंही नशीब पालटत होतं.

एक गव्हर्नर, एक पेठ आणि एक सातभाई

महाबळेश्वरला क्षेत्र म्हणून लोक शतकानुशतकं येतच होते. कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री, गायत्री या पाच नद्यांचं उगमस्थान म्हणून पंचगंगेच्या देवळाची महती होती. १८२४ मध्ये लॉडविक नावाचा अधिकारी या डोंगरावर चढला आणि इथली थंड हवा त्याने इंग्रजांच्या नजरेस आणून दिली. लॉडविक पॉइंट तो याचाच.

१८२७ मध्ये एल्फिन्स्टन गेला आणि सर जॉन माल्कम गव्हर्नर झाला. माल्कमला ही जागा आवडली. तेव्हा महाबळेश्वर साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज यांच्या राज्यात होतं. १८२९ मध्ये करार झाला. वाईजवळचं खंडाळा गाव महाराजांना देऊन कंपनीने महाबळेश्वर घेतलं. नव्या वसाहतीचं नाव पडलं माल्कम पेठ.

पेठेला माल्कमचं नाव मिळालं हे अनेकांना ठाऊक असतं. एका पक्ष्यालाही त्याचं नाव मिळालं, हे फारसं कोणी सांगत नाही. दख्खनच्या माळावर सात-आठच्या घोळक्याने कलकलाट करत फिरणारा मोठा राखी सातभाई. त्याचं शास्त्रीय नाव आर्ग्या माल्कोमी. ते नाव सायक्सने दिलं.

यातली गंमत पुढच्या घटनेमुळे कळते.

डिसेंबर १८२९

माल्कम गव्हर्नर असतानाच, डिसेंबर १८२९ मध्ये, सायक्सचं स्टॅटिस्टिकल रिपोर्टर हे पद बंद करण्यात आलं.

काम अर्धवट होतं. मोजण्या झालेल्या, पण जुळवणी बाकी. नमुने गोळा झालेले, पण वर्णनं बाकी. सायक्स चाळिशीला आलेला होता. १८२६ मध्येच तो मेजर झाला होता. सरळ मार्ग समोर होता. पलटणीत परत जायचं, पुढची बढती घ्यायची, कागद कचेरीत जमा करून मोकळं व्हायचं. त्या काळी अशा अर्धवट अहवालांना दप्तरात वाळवी लागणं नवीन नव्हतं.

सायक्सने तसं केलं नाही. त्याने लष्करी कामातून रजा मागून घेतली आणि मोबदला न घेता मोजणी चालू ठेवली. एक वर्षाहून जास्त काळ तो हे काम करत राहिला. जानेवारी १८३१ मध्ये त्याने ते पुरं केलं आणि मगच रजेवर युरोपला निघाला. आकडेवारीचे दोन जाडजूड अहवाल आणि चित्रांसह निसर्गाचा एक अहवाल त्याच्या नावावर जमा झाला.

ते एक वर्ष त्याने दिलं नसतं, तर दख्खनच्या पक्ष्यांची ही यादी बनली नसती असं नाही. कोणी ना कोणी ती पुढेमागे केलीच असती. पण ती इतक्या लवकर आणि इतक्या मराठी नावांनिशी झाली असती का, हा प्रश्न आहे.

लंडनमध्ये राम, गणेश आणि गोविंद

१८३१-३२ मध्ये लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात सायक्सच्या याद्या छापून आल्या. आधी दख्खनचे सस्तन प्राणी, मग पक्षी. शास्त्राला तोवर माहीत नसलेल्या डझनावारी जाती त्यात होत्या.

नव्या जातीला नाव देताना तेव्हाची रीत होती मित्राचं किंवा वरिष्ठाचं नाव लावायची. सायक्सनेही ती पाळली. महाबळेश्वरच्या फुलांवर दिसणारा लाल गळ्याचा शिंजीर त्याने झूलॉजिकल सोसायटीचा पहिला सचिव निकोलस विगर्स याच्या नावे केला. वाकड्या चोचीच्या पक्ष्याला कंपनीच्या लंडनमधल्या संग्रहालयाचा प्रमुख थॉमस हॉर्सफिल्ड याचं नाव दिलं. ओढ्याकाठी मान आखडून बसणारा, उडाला की अचानक पांढराशुभ्र दिसणारा वंचक किंवा ढोकरी हा बगळा ग्रे नावाच्या प्राणिशास्त्रज्ञाच्या वाट्याला आला.

पण यादी पुढे वाचत गेलं की वेगळीच नावं लागतात.

महाबळेश्वरच्या काळ्या बुलबुलाचं नाव गणेसा.

गावावर घिरट्या घालणाऱ्या घारीचं नाव गोविंदा.

थंडीत येणाऱ्या एका मातकट रंगाच्या छोट्या वटवट्याचं नाव रामा.

माळावरच्या तुरेवाल्या चंडोलाचं नाव देवा.

शेपूट हलवत पाणथळ काठाने फिरणाऱ्या पिवळ्या धोब्याचं नाव बीमा, म्हणजे आपली भीमा किंवा भीम.

आणि रात्री जमिनीवर बसून राहणाऱ्या एका रातव्याचं नाव मऱ्हाटेन्सिस. म्हणजे मराठी मुलखातला.

शास्त्रीय नावं लॅटिन किंवा ग्रीकमधून द्यायचा तो काळ. त्यात हा फौजी राम, गणेश आणि गोविंद थेट लंडनच्या सभेत घेऊन गेला. दोनशे वर्षं होत आली तरी ही नावं टिकून आहेत. काळ्या बुलबुलाला तर बरीच वर्षं हिमालयातल्या बुलबुलाचाच एक प्रकार मानलं जात होतं. नंतर अभ्यासकांनी तो वेगळा आहे असं ठरवलं आणि नियमाप्रमाणे सायक्सचं गणेसा हे नाव पुन्हा स्वतंत्र जातीचं नाव झालं. आज सह्याद्री आणि श्रीलंका एवढंच त्याचं घर. विगर्सचा शिंजीर तर सह्याद्रीच्या उत्तर भागाबाहेर सापडत नाही.

एका जिल्ह्यातले दोन मुलूख

सायक्सची यादी हातात घेऊन आजचा सातारा जिल्हा फिरलं, तर एक गोष्ट लक्षात येते. बुलबुल, शिंजीर, वाकड्या चोचीचा पक्षी ही सगळी घाटमाथ्याच्या जंगलातली मंडळी. महाबळेश्वरात वर्षाला पाच-साडेपाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो. तिथून पूर्वेला माण-खटावकडे उतरलं की पाऊस पाचशेच्या आसपास येतो. शंभरेक किलोमीटरमध्ये दहापट फरक. सह्याद्रीची भिंत ढग अडवते आणि मागचा मुलूख कोरडा राहतो.

पक्षीही तसेच बदलतात. देवा नावाचा चंडोल आणि माल्कमचा सातभाई या कोरड्या बाजूचे. गणेसा बुलबुल माणच्या माळावर दिसणार नाही आणि देवा चंडोल महाबळेश्वरच्या दाट झाडीत. पाऊस आणि पक्षी एकाच वहीत लिहिणाऱ्या माणसाच्या कामाचं मोल इथे कळतं.

हिवाळ्यात या दोन्ही मुलखांत पाहुण्यांची भर पडते. रामा वटवट्या आणि बीमा धोबी हे दोघंही मध्य आशियाच्या बाजूला वीण करतात आणि थंडीत आपल्याकडे उतरतात. नावं मराठमोळी, पण जन्म कझाकस्तानच्या गवताळ प्रदेशातला. खटाव तालुक्यातल्या मायणीच्या तलावावर हिवाळ्यात पक्षी बघायला लोक जातात, तेव्हा काठावर शेपूट हलवणाऱ्या पिवळ्या धोब्याकडेही नीट बघायला हवं.

शेकरू आणि कोळसून

पक्ष्यांवर गोष्ट संपत नाही. महाराष्ट्राचा राज्यप्राणी शेकरू. भीमाशंकरपासून महाबळेश्वरच्या जंगलापर्यंत झाडाझाडांवर उड्या मारणारी ही मोठी खार. तिच्या आपल्याकडच्या प्रकाराला १८३१ मध्ये सायक्सने नाव दिलं एल्फिन्स्टनी. ज्या गव्हर्नरने त्याला हे काम दिलं त्याची ही आठवण.

रानकुत्र्याला आपल्याकडे कोळसून किंवा कोळसुंदा म्हणतात. सायक्सने त्याचं वर्णन केलं ते दख्खनचा कुत्रा अशा अर्थाच्या नावाने. आजही भारतातल्या रानकुत्र्याच्या शास्त्रीय नावात दुखुनेन्सिस हा शब्द आहे. दुखुन म्हणजे दख्खन.

माशांच्या बाबतीत तर त्याने स्थानिक नावंच उचलली. १८३९ मध्ये त्याने दख्खनच्या नद्यांतल्या माशांची वर्णनं प्रसिद्ध केली. महाशीर माशाच्या दख्खनी जातीचं खुद्री, इतर माशांची कोलस, पोटेल, नुक्ता अशी नावं त्याने जशी कानावर पडली तशी इंग्रजीत लिहिली आणि तीच शास्त्रात रूढ झाली. ही नावं त्याला कुठल्या पुस्तकातून मिळाली नव्हती. नदीत जाळं टाकणाऱ्यांनी ती सांगितली होती.

कंपनीचा चेअरमन

इंग्लंडला गेल्यावर सायक्स १८३३ मध्ये कर्नल म्हणून निवृत्त झाला. १८३४ मध्ये रॉयल सोसायटीचा फेलो झाला. १८४० मध्ये ज्या कंपनीच्या फौजेत तो पोरवयात भरती झाला होता, तिच्याच संचालक मंडळावर बसला. १८५६ मध्ये कंपनीचा चेअरमन झाला आणि १८५७ मध्ये ॲबर्डीनमधून ब्रिटिश संसदेत निवडून गेला.

आकड्यांचा नाद सुटला नाही. लंडनच्या स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या स्थापनेत तो होता आणि १८६३ मध्ये तिचा अध्यक्ष झाला. रॉयल एशियाटिक सोसायटीचंही अध्यक्षपद त्याने १८५८ मध्ये भूषवलं. बौद्ध धर्म आणि प्राचीन भारतावर त्याने लिहिलं. हिंदुस्थानातल्या हवामानाच्या नोंदींवर १८५० मध्ये मोठा लेख लिहिला.

१६ जून १८७२ रोजी लंडनमध्ये त्याचं निधन झालं. तेव्हाही तो खासदार होता.

वहीत नसलेली नावं

सायक्सची गोष्ट सांगताना एक बाजू सोडून चालत नाही. ही सगळी मोजणी कंपनीच्या राज्यासाठी होती. जमीन आणि माणसं मोजली गेली ती सारा वसूल करता यावा म्हणून. खडकीच्या मैदानात जो मुलूख जिंकला, त्याचीच ही यादी.

आणि दुसरी गोष्ट. महाबळेश्वरच्या जंगलातला बुलबुल सायक्सने शोधला असं म्हणणं बरोबर नाही. इथल्या धनगरांना, कोळ्यांना, शिकाऱ्यांना तो पिढ्यान् पिढ्या ठाऊक होता. कुठल्या झाडीत कोण बसतं, कुठला मासा कुठल्या डोहात मिळतो, हे त्यांनीच सांगितलं. शास्त्रीय नावात गव्हर्नर आला, संग्रहालयाचा प्रमुख आला, सोसायटीचा सचिव आला. वाट दाखवणाऱ्या कोणाचंही नाव आलं नाही.

पण त्यांचे शब्द मात्र आले. सायक्सला मराठी येत होतं आणि तो कान देऊन ऐकत होता, म्हणून खुद्री आणि नुक्ता जगभरच्या पुस्तकांत पोचले. माणसं अनामिक राहिली तरी त्यांची भाषा यादीत शिरली.

सायक्सने ज्यांची नोंद केली, त्यांना आज जागा हवी आहे. २००१ मध्ये महाबळेश्वर-पाचगणी परिसर केंद्र सरकारने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून जाहीर केला. दक्षिणेला कोयनेचं अभयारण्य आणि पुढे सांगली जिल्ह्यातलं चांदोली मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. तरी हॉटेलं, बंगले आणि रस्ते वाढतच आहेत. जो शिंजीर सह्याद्री सोडून कुठेच राहत नाही, त्याला दुसरीकडे जायला वाव नाही.

त्यामुळे या हिवाळ्यात महाबळेश्वरला गेलात, तर स्ट्रॉबेरी आणि मॅप्रोच्या आधी एक पहाट जंगलाच्या वाटेसाठी ठेवा. लवकर उठा, हळू चाला, गाणी लावू नका, घरट्याजवळ जाऊ नका. जे दिसेल ते तारीख आणि जागेसह लिहून ठेवा. पद नाही, पगार नाही, कोणी सांगितलेलंही नाही, तरी नोंद करायची.

डोक्यावरून काळ्या पक्ष्यांचा थवा ओरडत गेला आणि त्यांची चोच लाल दिसली, तर तो गणेसा समजा.